घरमालकांचा शनीवरचा संशय

भिंगारमध्ये आमच्या घरमालकांइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि मी स्वतःही चटकन कुणावर विश्वास टाकणारी नसल्यामुळे हे अनुभवानं सांगते आहे. काकांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या ट्रॉलीत कोण दगड घालतं, मोळ्यांवर कोण पाणी मारतं, हे जन्मभर पाहिल्यावर माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही. ते दुधात बोट बुडवून बघतात. गॅसचा सिलिंडर आला की तो आणणाऱ्यालाच घरच्या काट्यावर चढवायला लावतात. मी इंग्रजी माध्यमात शिकले म्हणून त्यांना माझ्या मराठीचा संशय, आणि घरी मराठी बोलते म्हणून इंग्रजीचा. काकूंचं माहेर मात्र शिंगणापूरचं. जिथं घरांना दारंच नव्हती तिथं वाढलेली बाई, भाजीला जाताना दार सताड उघडं टाकते. काका घरात बसलेले असले तरी आतून कडी घालतात आणि वर कुलूप लावतात. मग काकू भाजीची पिशवी घेऊन आपल्याच घराबाहेर उभ्या राहतात, आणि आतून काका विचारतात, "कोण?"

अशा माणसानं दुर्बीण विकत घेतली त्याचं कारणही संशयच. "शनीला कडं आहे म्हणतात सगळे. बघितलंय कुणी?" असं म्हणत त्यांनी ती पुण्याहून आणली आणि मागच्या अंगणात, बरोबर माझ्या खिडकीखाली उभी केली. मला ते अजिबात आवडलं नाही. मी पडदा ओढून घेतला आणि फटीतून दुर्बिणीच्या तोंडावर पाळत ठेवली. दोनतीन दिवसांनी खालून आवाज आला, "पडदा लावतेस ते बरं करतेस. तुझ्या दिव्याचा फार त्रास होतो." त्यानंतर दुर्बिणीसोबतचं इंग्रजी माहितीपत्रक वाचायला मलाच खाली बोलावणं आलं. मी वाक्य वाचून मराठीत सांगायचे, काका तेच वाक्य मोबाईलला विचारायचे, आणि दोघांचं जुळलं की मी आणि मोबाईल आतून मिळालेले आहोत अशा नजरेनं माझ्याकडे बघायचे.

शनी संध्याकाळीच दिसायचा ते दिवस होते. काकांनी डोळा लावला आणि म्हणाले, "पीठ सांडल्यासारखं दिसतंय. दुकानदारानं जुनं भिंग घातलंय." मी बघितलं. लहानसा, स्वच्छ, पिवळट गोळा होता, पण चित्रातल्यासारखं रुंद कडं नव्हतं. नुसती बारीक आडवी रेघ होती. मी तसं सांगितल्यावर काकांना आनंदच झाला. "बघ, कडं नाहीच. फसवलं." त्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावून स्पीकर चालू केला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "यंदा कड्याची धार आपल्याकडे आहे, काका. रेघच दिसणार. पीठ दिसत असेल तर दुर्बीण राहू द्या, डोळे दाखवा."

काकांनी फोन ठेवला. डोळे त्यांनी आधीच दाखवले होते. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर काका म्हणायचे, "त्याचा धंदाच डोळ्यांचा. तो दुसरं काय सांगणार?" पायरीवर दोनदा पडले तर तो दोष गवंड्याचा. आता ते मला म्हणाले, "तुला किती देतो गं तो दुकानदार?"

तेवढ्यात काकू जेवायला बोलवायला बाहेर आल्या. यातलं त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. काका म्हणाले, "तू बघ."

"मी न्हाई बघायची. त्याच्या नजरेला नजर देत असतात व्हय?"

शनीच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, बाजूनं दर्शन घ्यायचं, हे त्या माहेरून घेऊन आल्या होत्या. त्या परत वळल्या, तेव्हा मीच कशी कोण जाणे बोलले, "काकू, यात समोरून बघतच नाहीत. भिंग नळीच्या कुशीला आहे. आत आरसा आहे, तुमचं तोंड भिंतीकडे राहतं."

काकूंनी दुर्बिणीला बाजूनं फिरून पाहिलं. मग चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि वाकल्या.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

"बोर हाय. बोरातनं सुई आरपार खुपसलीया."

"सुई दिसती तुला?"

"दिसती की. तुमाला न्हाई व्हय दिसत?"

काकांनी मनात तोलून पाहिलं. ही बाई दुकानदाराला ओळखत नव्हती, आणि डॉक्टरला सामील व्हायला तिला जमलं नसतं. त्यांनी पुन्हा एकदा डोळा लावला, भिंग सदऱ्यानं पुसून परत लावला. मग हळूच म्हणाले, "सकाळी जाऊ डॉक्टरकडं." आणि थोड्या वेळानं काकूंना, "तू पण चल. मी एकटा असलो की ते काहीही सांगतात."

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्याच संध्याकाळी आकाश निरभ्र होतं. मी दुर्बीण शनीवर लावून ठेवली आणि काकांना हाक मारली. ते आले, पण काकू अंगणातल्या दिव्याखाली मेथी निवडत बसल्या होत्या, तिथंच थांबले.

"अगं, तू एवढी कधी वाळलीस?"

"रोज तर अशीच हाय," काकू मान वर न करता म्हणाल्या.

काका त्यांच्या समोर बसले. काटा बघावा तसे डोळे बारीक करून नाही, साधे उघडे ठेवून बघत राहिले. शनी शेजारच्यांच्या टाकीमागे सरकत चालला होता. मी त्यांना सांगितलं नाही.