डबीवरचा मिस्ड कॉल

साहेब स्क्रीनवर बोलत होते आणि माझ्या टेबलावरची डबी एकदाच वाजून गप्प झाली.

डबी म्हणजे माझा दुसरा फोन. घडीचा, बटणांचा. उघडला की कॉल सुरू, मिटला की बंद. ऑफिसातले लोक आधी त्याला चुन्याची डबी म्हणायचे, पुढे नुसतं डबी राहिलं. मी वनखात्यात रेंजर आहे. साधारण तालुक्याएवढा भाग एका रेंजमध्ये येतो आणि तिथल्या जंगलाची नि जनावरांची जबाबदारी रेंजरवर असते. माझी रेंज प्रवरेकाठच्या ऊसपट्ट्यात आहे. तिथं जंगल औषधालाही नाही, बिबटे मात्र भरपूर. ते उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात.

हातात चांगला स्मार्टफोन असताना ही डबी कशाला, हे सांगायला हवं. स्मार्टफोनवर मी नको तितक्या ग्रुपांत आहे आणि तिथं रोज बिबट्या येतो. एटीएमच्या पायरीवर बसलेला, एसटीच्या टपावर झोपलेला, मंगल कार्यालयाच्या गेटातून पाहुण्यासारखा आत शिरणारा. बरेचसे फोटो एआयने बनवलेले. एकदा शाळेच्या व्हरांड्यातल्या बिबट्याचा फोटो आला. आम्ही पिंजरा घेऊन धावलो, शाळा सोडून दिली, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या शाळेला व्हरांडाच नाही. माझं डोकंच फिरलं. त्या रविवारी सावेडीला घरी गेले होते, तिथल्या एका दुकानातून हा फोन घेतला, त्यात नवं सिम घातलं आणि पोलीस पाटील, सरपंच, दूध संकलन केंद्रं, सगळ्यांना नंबर देऊन टाकला. बिबट्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तरच या नंबरवर फोन. इथं फोटो येत नाही, तेव्हा माणसाला तोंडाने बोलावं लागतं. कुठं पाहिला, किती लांबून पाहिला, हे विचारलं की खोटं बोलणारा दुसऱ्याच वाक्याला अडखळतो.

"आणि बॅलन्स नसेल तर मिस्ड कॉल द्या," हे मीच सांगितलं होतं. "मी लगेच उलटा फोन करते."

आता बहुतेकांकडे अनलिमिटेड पॅक असतो, पण सरकारी माणसाला मिस्ड कॉलच द्यायचा ही सवय काही गेली नाही. मीही शब्द पाळला. मिस्ड कॉल पडला आणि मॅडमचा फोन आला नाही असं होत नाही, असं लोक कौतुकाने सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचंही.

तर त्या दुपारी साहेबांची मीटिंग चालू होती. साहेब म्हणजे माझे वरिष्ठ, जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. ऊसतोड सुरू झाली होती, म्हणजे आमचा सीझन. ऊस तुटला की बिबट्याचं घर जातं आणि तो दिवसाढवळ्या वस्त्यांकडे सरकतो. साहेब त्याबद्दलच बोलत होते. डबीवर अनोळखी नंबर होता. मी माइक बंद केला आणि उलटा फोन लावला. रिंग गेली आणि पलीकडून कट झाला.

थोड्या वेळाने पुन्हा त्याच नंबरचा मिस्ड कॉल. मी पुन्हा लावला. पुन्हा कट.

"मॅडम, तुमचं लक्ष कुठं आहे?" साहेब म्हणाले.

मी माइक चालू केला. "सर, फील्डवरून कॉल आहे."

"मग घ्या ना."

"घेत नाहीयेत, सर. मिस्ड कॉल देतात आणि मी केला की कापतात."

"कुणीतरी टाइमपास करत असेल," साहेब म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

मलाही तसंच वाटलं. चिडले मी. आमचे वनरक्षक शेळके दारात उभे होते, त्यांना खुणेने बोलावलं, नंबर दाखवला आणि म्हटलं, "हा कुणाचा आहे शोधा जरा. समज देऊ एकदा." शेळके नंबर उतरवून बाहेर गेले. रागाच्या भरात मी आणखी एकदा लावला.

या वेळी फोन उचलला गेला. हॅलो नाही, काही नाही. आधी दावणीच्या साखळीचा आवाज आला, मग कुणाचा तरी श्वास. आणि त्याच्या मागे एक आवाज होता, लाकडावर करवत ओढल्यासारखा, खरखरीत. नोकरीत मी तो खूपदा ऐकला आहे, पण नेहमी पिंजऱ्याच्या अलीकडून. फोनमधून कधीच नाही.

मग एक बाई कुजबुजली, "फोन नका करू वो. त्यो खालीच हाय." आणि फोन कट झाला.

डबी माझ्या हातात उघडीच राहिली. ती बाई मिस्ड कॉल देत होती कारण तिला बोलता येत नव्हतं. आणि मी तिच्याजवळ, बिबट्यासमोर, तीन वेळा फोन वाजवला होता.

मी मीटिंग तशीच सोडून बाहेर पळाले. "शेळके, त्या नंबरला फोन करू नका! बाई बिबट्याजवळ अडकलीय. नंबर कुणाचा?"

शेळक्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, मी नंबर ग्रुपवर टाकला. कुणाचा आहे म्हणून."

ग्रुप म्हणजे आमच्या सगळ्या गावांचा बिबट्या अलर्ट ग्रुप. शेळक्यांनी मोबाईल पुढे केला. आमची माणसं मदतीला किती तत्पर असतात ते मी त्या स्क्रीनवर पाहिलं. 'रिंग जातेय, उचलत नाय.' 'मी पण लावला.' 'थांबा, मी लावून बघतो.' 'कोण आहे हा? कट करतोय.' 'मी आता लावतोय.'

"लिहा, कुणी फोन करू नका! लवकर लिहा!" मी ओरडले.

शेळक्यांनी लिहिलं. खाली हात जोडल्याची चित्रं आली. मग एकाने विचारलं, 'का? काय झालं?' दुसरा म्हणाला, 'विचारून बघतो.' आणि त्याने विचारायला त्याच नंबरवर फोन लावला.

मला रडू येत होतं, आणि कुणाच्या तरी मुस्काटात मारावीशीही वाटत होती. इकडून ती बाई कुठं आहे माहीत नाही आणि तिला विचारताही येत नाही. तेवढ्यात डबी वाजली. मी दचकून ती जवळजवळ फेकलीच. दूध केंद्रावरचे अण्णा होते.

"म्याडम, त्यो नंबर भामाबाईचा हाय. रोज दुधाचा मेसेज ह्याच नंबरवर जातो. कालव्याच्या चारीकडंची वस्ती. घरचे समदे लग्नाला गेल्यात, म्हातारी एकलीच हाय."

"अण्णा, तिला फोन करू नका."

"न्हाई केला. पर म्याडम, ग्रुपवर आता लोक म्हनत्यात, फोन स्विच ऑफ लागतोय."

मी शेळक्यांना जीप काढायला लावली. जीपमधूनच रेस्क्यू टीमला फोन करून बोलावून घेतलं. टीममध्ये जनावरांचे डॉक्टर असतात आणि भुलीचं इंजेक्शन बंदुकीतून मारायची सोय असते. मी फोनवर पत्ता सांगत होते, पण डोक्यात एकच चाललं होतं. वाजणारा फोन अचानक बंद का होतो?

वस्तीवर पोचलो तेव्हा समोरच्या फडात ऊसतोड चालू होती. कोयत्यांचा आवाज, गाणी, ट्रॅक्टर. बाजूला पत्र्याचा लांब गोठा आणि दोन कुत्री दारापासून लांब उभी राहून भुंकत होती. रक्त दिसत नव्हतं. मी ऊसतोड थांबवली, सगळ्यांना मागे काढलं आणि पत्र्याच्या फटीला डोळा लावला.

आधी काही दिसेना. मग गव्हाणीखाली, दार आणि शिडी यांच्या मधोमध, दोन डोळे दिसले. बिबट्या अंग चोरून बसला होता. गाई एका कोपऱ्यात खेटून उभ्या होत्या, सगळ्या धड. मी नजर वर नेली. कडब्याच्या माळ्यावर एक म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तोंडात पदराचा बोळा. फटीतला माझा डोळा तिला दिसला असावा. तिने दोन्ही हात उचलले. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात त्याची बॅटरी.

मी मागे वळून शेळक्यांना खुणेने सांगितलं, बाई धड आहे.

पुढचं काम नेहमीचं होतं. टीम आली, डॉक्टरांनी फटीतून नेम धरला, बिबट्या पेंगला आणि पिंजऱ्यात गेला. तोवर ऊन उतरलं होतं. भामाबाई शिडीवरून उतरल्या आणि आधी गाईंकडे गेल्या. एक गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. तिच्याच पोटावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"रेंजर म्याडम तुमीच का?"

"हो मावशी."

"व्हय का. बरं झालं भेटला. म्या हिला बघाया आल्ते, तर त्यो दारात उबा. तोडीच्या गडबडीला भिऊन आल्ता. म्या गाईमागं गप बसले. अण्णांनी शिकवलं हुतं, दोन नंबरचं बटन दाबून धरायचं की तुमाला फोन लागतो. धरलं. वाजला तसा बंद केला. त्यो बी मागं फिरला हुता. निघालाच हुता भाईर." त्यांनी माझ्या डबीकडे बोट दाखवलं. "आन् तुमचा फोन आला. त्यो दचकून आत घुसला, म्या शिडीवर."

"मावशी, मला वाटलं..."

"मंग तुमी काय थांबंनात. तुमी झाला, मंग समदं गाव. दाबून दाबून बोटं दुखली, म्हनून बॅटरीच काढली. त्यो बिचारा बी लई भ्याला."

"मावशी, आवाज कमी तरी ठेवायचा."

"कडबाकुट्टीच्या आवाजात ऐकू येत न्हाई, म्हनून मोठा ठिवलाय," असं म्हणत त्यांनी बॅटरी बसवली आणि फोन चालू केला. गावातलं कुणीतरी अजून प्रयत्न करतच असावं, कारण तो लगेच वाजला. गोठाभर कोंबडा आरवला. खणखणीत, जिवंत कोंबडा. ती त्यांच्या फोनची रिंगटोन होती.

शेळके खाली बघायला लागले. पत्र्याच्या बंद गोठ्यात बिबट्या बसवून आम्ही सगळ्या तालुक्याने मिळून त्याच्यासमोर कोंबडा आरववला होता. मला हसू आलं.

"मिस्ड कॉल दिला म्हंजी या, असं असतंय बाई," भामाबाई म्हणाल्या. "फोन करा, असं न्हाई."

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नियम बदला." बदलला. आता डबीवर मिस्ड कॉल पडला की उलटा फोन नाही. नंबर कुणाचा ते बघायचं आणि सरळ जीप काढायची. ग्रुपवर नंबर टाकायला बंदी आहे.

काही दिवसांनी सकाळी डबी वाजून गप्प झाली. भामाबाईंचा नंबर. जाळी, काठ्या, पिंजरा, माणसं, सगळं घेऊन आम्ही सुसाट निघालो. वस्तीच्या अलीकडेच जीप बंद केली आणि दबकत गोठ्यापाशी गेलो. भामाबाई दारात बसल्या होत्या, शेजारी नवं वासरू.

"काय झालं, मावशी? कुठंय?" मी हळूच विचारलं.

"कोन? गाय याली. खरवस केलाय. म्हनलं, मिस्ड कॉल दिला की तुमी येताच."

नियम मीच केला होता. हातातली जाळी खाली ठेवली आणि आम्ही सगळे खरवस खायला बसलो.