वारा सरला का?

सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला माणूस मोठा होतो म्हणतात. माझी वाढ एवढीच झाली की आधी नुसती बोलणी खात होते, आता ती खाऊन ज्युनियरांना वाटतही होते. सांगलीतल्या आमच्या वॉर्डात पेशंट मला तरीही ‘सिस्टर’च म्हणत. गळ्यात स्टेथोस्कोप, मागे दोन ज्युनियर, पण ‘मोठं डॉक्टर कवा येणार?’ हे विचारायचं मलाच.

त्या वर्षी सरांनी पहिल्यांदा आतड्याचा जोड मला एकटीला घेऊ दिला. स्वतः समोर हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांच्या स्वभावाला ते केवढं जड गेलं असेल! पेशंट रहिमतपूरकडचे एक आजोबा, फौजेतून निवृत्त झालेले, आता ऊसवाले. हर्निया वर्षानुवर्षं अंगावर काढलेला. तो अडकला, आतडं काळं पडलं, आणि सांगलीत दिलेल्या लेकीनं त्यांना आमच्याकडे आणलं. काळा तुकडा मी काढला आणि दोन टोकं शिवली. सर ‘हं’ म्हणाले. आमच्याकडे ही शाबासकी.

जोड धरला की नाही हे सांगणारी पहिली खूण म्हणजे वारा सरणं. तोवर पेशंटच्या नाकात नळी, खाणं बंद, आणि इकडे माझ्याही घशाखाली घास उतरेना. रोज सकाळी मी विचारायची, “आजोबा, वारा सरला का?”

आजोबा छताकडे बघायचे. “न्हाई, सिस्टर.”

पोट मऊ, ताप नाही, स्टेथोस्कोप लावला तर आत चांगली गुडगुड. तरी “न्हाई.” इतकी वर्षं शिकून माझं भवितव्य एका म्हाताऱ्याच्या पादण्यावर येऊन ठेपलं होतं, आणि मी त्यासाठी खरोखर देवाला हात जोडत होते.

शेवटी सर म्हणाले, “उद्या सकाळपर्यंत बघू. नाहीतर सीटी करू, आणि पोट परत उघडायची तयारी ठेव. तुझा पुढचा जोड सध्या राहू दे.” हे त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं, म्हणून जास्त लागलं. पण खरी भीती वेगळीच होती. माझ्या टाक्यांपायी त्या माणसाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागणार होतं.

संध्याकाळी आजोबांच्या सोबतीला असलेल्या आजींनी मला व्हरांड्यात गाठलं. “बाई, त्यास्नी आता घोटभर च्या तरी द्या. पोट मोकळं झालंय की.”

“मोकळं? कधी?”

“कालधरनं तोफा चालल्यात. शेजारचा खाटंवाला कुरकुर कराय लागलाय.”

“मग मला ‘नाही’ का म्हणतात?”

आजींनी तोंडाला पदर लावला. “आवं, तुमी बाईमाणूस, लेकीच्या वयाच्या. त्येंनी घरात सुनंपुढं कवा मोठ्यानं ढेकर बी दिला न्हाई.”

मला हसावं की रडावं कळेना. सीटीचं मशीन आजोबांच्या मर्यादेपायी चालू होणार होतं! तडक आजोबांपाशी गेले. ते छताकडे बघायला लागले.

“आजोबा, तोंडानं काही सांगू नका. फौजेत होतात ना? वारा सरत असेल तर सकाळी राउंडला नुसता सलाम करा.”

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “टोपी लागंल. उघड्या डोक्यानं सलाम होत न्हाई.”

सकाळी राउंड आला. आजोबा खाटेवर ताठ बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी, नाकात नळी. सर समोर येताच त्यांनी खाडकन सलाम ठोकला. सर सुखावले. त्यांनीही हात कपाळापर्यंत नेला आणि माझ्याकडे वळले. “काय, सरला का वारा?”

“हो सर.”

“कधी सांगितलं त्यांनी?”

“आत्ताच.”

सरांनी पोट दाबून पाहिलं, नळी काढायला सांगितली आणि पुढच्या खाटेकडे निघाले. आजोबांचा हात मात्र अजून कपाळालाच होता. वाटलं, विसरले असतील. म्हणून मी खूण केली, खाली घ्या. हात हलेना. ते माझ्याकडेच बघत होते, आणि या वेळी छताकडे नाही.

मग मला कळलं. मी हातातली फाइल खाटेवर ठेवली आणि जमेल तसा सलाम केला. तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला.