बिनअस्तराचं कातडं

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बेंगळुरातल्या पीण्या भागातल्या कारखान्याची नोकरी सोडून कॅनडाच्या पार उत्तरेला एका खाणीत मेकॅनिक म्हणून गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा चॉकलेटं निघतील म्हणून आम्ही पेटीभोवती बसलो, आणि निघाली तीन कातडी. करडी, चकचकीत, अंगावर गोलगोल कड्यांची नक्षी. आई पदर नाकाला लावून उठली. "जनावर घरात आणलास होय रे? देवाच्या खोलीकडं नको नेऊ बघ."

"सीलचं आहे, आई. समुद्रातलं," अण्णा म्हणाला. समुद्रातलं म्हटलं की ते भाजीपाल्यात जमा होणार होतं जणू.

आमचं पिढीजात काम शिंप्याचं. चिकपेटेजवळ अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, पडद्यांचं आणि सोफ्याच्या कव्हरांचं दुकान होतं. बेंगळुरात नवे फ्लॅट उठत होते, पण लोक पडदे तयार घ्यायला लागले होते. त्यात अप्पांचा उजवा हात थरथरू लागला. वर्षभर त्यांनी हातशिलाईला सुई धरली नव्हती. मशीनवर मी बसायची. ते कापायचे आणि माझ्या चुका काढायचे. अण्णाचा बेत असा, की या कातड्यांच्या उशा करून दुकानात मांडाव्यात, म्हणजे नव्या घरांची गिऱ्हाइकं वळतील.

कातडी त्यानं तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका इनुइट शिकाऱ्याच्या घरी जाऊन विकत घेतली होती. शिकार नवऱ्याची, पण कातडं खरवडून ताणून वाळवायचं काम बायकोचं, आणि कुणाला विकायचं तेही तीच ठरवणार. मांस घरात आणि शेजारीपाजारी खाऊन झालं होतं. लांबच्या शहरांतले लोक सीलचं कातडं म्हटलं की नाक मुरडू लागले होते, त्यामुळे त्यांचंही गिऱ्हाईक आटलं होतं. तरी त्या बाईनं आधी विचारलं, शिवणार कोण? अण्णा म्हणाला, माझे वडील. तिनं त्याच्या अंगातला कोट काढून घेतला. तो अप्पांनी हात धड असताना शिवला होता. तिनं तो उलटा केला आणि आतली शिवण टाक्याटाक्यानं बघितली. मग तीन चांगली कातडी निवडून दिली. अट एकच घातली, की याच हातानं उरल्या तुकड्यांतून काहीतरी शिवून मला पाठवा.

"उलटा करून बघितला?" अप्पांनी दोनदा विचारलं आणि खुर्चीत ताठ बसले. सुलट बाजू गिऱ्हाईक बघतं, उलट बाजू शिंपी बघतो, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते.

मशीनच्या सुईनं कातडं फाटायचं, म्हणून सगळं हातानं शिवायचं ठरलं. अप्पांनी सवयीनं आधी कात्री लावली, तर केस उडून दुकानाचं सलून झालं. मग मागच्या बाजूनं ब्लेड चालवलं. दोन कातड्यांच्या उशा मी शिवल्या. तुकड्यांतून त्या बाईसाठी सुया ठेवायची पिशवी करायची ठरली, तिला मात्र अप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. चार दिवस घेतले. टाका एक आखूड, एक लांब, एक भलतीकडंच. ती बाई ही पिशवी उलटी करणार, आणि त्या कोटानं कमावलेली अप्पांची अब्रू तिथंच जाणार. मी एरवी तोंडाची फटकळ, पण हे तोंडातून निघेना.

दुपारी जेवून अप्पा लवंडले, तेव्हा मी सगळी शिवण उसवली आणि सरळ टाक्यांनी पुन्हा घातली. कापड असतं तर नखानं घासून, पाण्याचा हात लावून इस्त्री फिरवली की जुनी भोकं मिटतात. मी कापडात वाढलेली. कातड्यातलं भोक मिटत नाही हे मला उसवून झाल्यावर कळलं. माझ्या सरळ रांगेशेजारी अप्पांची थरथरती रांग उघडी पडली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी आतून निळ्या रेशमाचं अस्तर लावून टाकलं. संध्याकाळी अप्पांनी पिशवी हातात घेतली, अस्तरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरं दिसतंय." सुट्टी संपल्यावर अण्णा ती घेऊन गेला.

काही महिन्यांनी त्याचं पत्र आलं. अप्पांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून नेहमीसारखं मीच मोठ्यानं वाचत होते. 'बाईनं पिशवी उलटी केली. अस्तराचे दोन टाके उसवून आत बघितलं. म्हणाली, इथं कुणीतरी म्हाताऱ्या माणसाचे टाके काढून टाकलेत.' मी पत्र खाली ठेवलं.

"पुढं वाच," अप्पा म्हणाले.

'ती म्हणाली, माझ्या आईचा हातही शेवटी असाच हलायचा. तिनं शिवलेलं आम्ही अंगात घालायचो. त्या दुसऱ्या हाताला सांग, पुन्हा असं करू नको.'

मला रडू फुटलं. "चुकलं माझं, अप्पा."

"ठाऊक होतं की गं. अस्तर लावलीस तेव्हाच कळलं. शिंपी उगाच अस्तर लावतो काय?"

"मग बोलला का नाही?"

"तू माझी लाज झाकलीस. मग मीपण तुझं झाकलो." मग ते कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले. "ते तिसरं कातडं काढ. आणि दोरा स्वल्प जाड घे."

भिंतीवर लावायला त्याला लाल लोकरीची किनार लावायची होती. सुईत दोरा मी ओवून द्यायची, टाका ते घालायचे. पंधरा दिवस लागले. एकाही टाक्याला मी हात लावला नाही, आणि त्यासाठी मला किती जोर करावा लागला ते माझं मला माहीत.

अप्पा जाऊन खूप वर्षं झाली. ते कातडं माझ्या घरी भिंतीवर आहे. शिवणकाम करणारं कुणी आलं की हटकून कोपरा उचलून मागं बघतं. बघू दे. त्याला मी अस्तर लावलेलं नाही.