आत्याचा धवला आणि लाल पट्टी

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला "आज घट्ट हाय" म्हणाला की मी पातेलं तिरकं करून बघते. त्यामुळे आत्याचं गाणं लॅपटॉपवर पहिल्यांदा ऐकताना मधेच 'टक्' असा आवाज आला, तेव्हा माझा पहिला संशय नवऱ्यावर गेला. आदल्या दिवशी त्यानं माझ्या लॅपटॉपवर क्रिकेट बघितलं होतं.

चौल आणि रेवदंड्याच्या मधे आमचं घर. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून मी रेकॉर्डिंगची खोली केली आहे. भजनी मंडळं येतात, शाळांच्या गॅदरिंगची गाणी होतात, मुरुडच्या लॉजवाल्यांच्या जाहिराती होतात. 'घरगुती जेवण, समुद्र पाच पावलांवर.' पाच पावलांवर कुठे, चांगला पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, पण मला काय करायचंय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात प्रत्येक विधीला बायका जे गाणं म्हणतात तो धवला, आणि ते सगळे धवले जिला तोंडपाठ असतात ती धवलारीण. तिचा आवाज लागल्याशिवाय हळदीची वाटी उचलायची नाही, अशी आमची रीत. गेली चाळीसेक वर्षं आसपासच्या गावांत आत्याशिवाय मांडव उभा राहिलेला मला आठवत नाही. कोणाच्या घरी लग्न ठरलं की पहिली सुपारी आत्याच्या हातात पडायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती सुपारी हेच तिचं सगळं होतं.

माझ्या दादाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि दादा माझ्याकडे आला. त्याचे ट्रक आहेत, आणि हौसेनं घेतलेला डीजेचा सेटही आहे. म्हणाला, "आत्याचा दम आता पुरत नाही गं. मधेच खोकते, आणि माईक हातात आला की तास तास सोडत नाही. तू रेकॉर्ड करून घे, आपण खाली बीट टाकू. एकदम फुल व्हॉल्यूम. आत्या मस्त पुढच्या खुर्चीत बसेल, मानानं. टेन्शन नाही."

"तिला सांगितलंस?"

"तू सांग ना. तुझं ऐकते ती."

माझं ऐकते म्हणे. मी गेले आणि तिला सांगितलं की सगळे धवले आठवण म्हणून जपून ठेवायचे आहेत. आत्या वाल सोलत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आठवन कोनाची? मी मेले का?"

"तसं नव्हे गं आत्या."

"मंग त्या पेटीत भरून काय करनार तू?"

"काही नाही. ठेवणार," मी म्हणाले आणि नाक खाजवलं. ती पुन्हा वाल सोलायला लागली. मला वाटलं, पटलं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पंखा बंद करते म्हटलं तर म्हणाली, "पंखा बंद केला त मी ही चालले घरी." म्हणून पंखा चालू ठेवला. माझ्याकडे खरखर काढून टाकणारं एक प्लगइन आहे, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम. पंखा, कावळे, रस्त्यावरची एसटी, सगळं पुसून फक्त गळा ठेवतो. माझं भारी लाडकं. हेडफोनमध्ये मला स्वच्छ ऐकू यावं म्हणून ते मी रेकॉर्ड करतानाच लावून टाकलं.

आत्या गायला लागली तशी स्क्रीनच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची पट्टी वर चढायला लागली. हिरवी, पिवळी, लाल. पट्टी लाल झाली की मशीनला काम झेपत नाही आणि आवाज तुटतो. मी दोन्ही कानांवर हेडफोन दाबले आणि त्या पट्टीवर डोळे रोखून बसले. टक्. पुन्हा टक्. आणि हळदीच्या धवल्यात, दुसरं मिनिट संपताना, एक अख्खी ओळ जाईल एवढा वेळ आवाजच गेला. चिडीचूप. मग गाणं पुन्हा सुरू.

मी वैतागले. "आत्या, पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं. पुन्हा बरोबर तिथंच आवाज गायब! तिसऱ्या वेळीही तेच. आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुझी पेटी बिघडली हाय, बाय." आणि चहा पिऊन घरी गेली.

मग मी चार दिवस त्या मशीनच्या मागे हात धुऊन लागले. वायफाय बंद केलं. अँटिव्हायरस झोपवला. बफर वाढवला, म्हणजे आवाज पुढे ढकलण्याआधी मशीनला जरा जास्त उसंत दिली. मग सापडलं की कोणीतरी वीज वाचवण्याचं सेटिंग चालू करून ठेवलं होतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "तापत होता म्हणून केलं." बघा! मी म्हटलंच होतं. ते बंद केल्यावर पट्टी जरा खाली आली. ऐकवताना होणारी टकटक त्यानं थांबली. पण रेकॉर्ड होतानाच जे निसटतं ते कोणत्याच सेटिंगनं परत येत नाही, आणि ती रिकामी जागा तशीच राहिली.

तीन वेळा एकाच जागी? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दोन मिनिटं झाली की मशीनमध्ये काहीतरी जागं होत असणार, अपडेट असेल, नाहीतर व्हायरस. दादाच्या पेनड्राइव्हवरही संशय घेतला. इन्व्हर्टरवर घेतला. शेजारच्या वाडीतल्या पंपावरसुद्धा घेतला. तो चालू झाला की वीज खाली-वर होते, हे मी एका भजनी बुवांना पटवूनही दिलं. आत्याला चौथ्यांदा बोलवायची मात्र मला लाज वाटली. आपल्या मशीनचा दोष, म्हातारीला किती दमवायचं?

शेवटी मी ती रिकामी जागा कापली आणि दोन्ही टोकं जोडून टाकली. इतकं सफाईदार की माझं मलाच कौतुक वाटलं. लहानपणापासून मी हा धवला ऐकत आले होते, पण मांडवातल्या गोंगाटात शब्दांकडे कधी लक्ष दिलंच नव्हतं. कोणती ओळ गेली हे मला कळलं नाही. आणि खरं सांगते, मी शोधलंही नाही.

हळद दुपारी होती. दादानं मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर उभे केले होते. आत्या पुढच्या खुर्चीत, नवं हिरवं लुगडं नेसून. तिच्या हातात कोणी सुपारी दिली नव्हती. सरबताचा पेला दिला होता. पाच बायका हळदीच्या वाट्या घेऊन नवरीभोवती बसल्या आणि दादानं बटण दाबलं.

आत्याचा आवाज अख्ख्या आळीत घुमला. खाली बीट. पोरं नाचायला लागली. खुर्चीतली आत्या नुसती समोर बघत होती. तिनं एकदाही माझ्याकडे मान वळवली नाही.

दुसरं मिनिट संपलं आणि बायकांनी नवरीच्या गालापर्यंत नेलेले हात मागे घेतले.

"थांबवा ते," त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई ओरडली. दादानं आवाज बंद केला. "सूर्याला बोलावला, समिंदराला बोलावला, आनि गावदेवी कुठं हाय? देवीला बोलावल्याबिगर हलद लावायची? कोनाच्या घरची रीत ही?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग सगळा मांडवच खुर्चीकडे वळला. आत्यानं सरबत सावकाश संपवलं, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पेटी बिघडली का गं तुझी?"

दादा धावत आत गेला, देवासमोरची सुपारी आणली आणि वाकून तिच्या हातात ठेवली. ती उठली, नवरीच्या शेजारी बसली आणि माईकशिवाय गायला लागली. आवाज चिरका होता, मधे खोकलाही आला. गावदेवीची ओळ आली तेव्हा पाचही बायकांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला आणि हळद लागली.

लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी मी मूळ फाईल उघडली. तिन्ही वेळचं गाणं तसंच जपलेलं होतं; प्लगइन फक्त ऐकवताना आवाज पुसतं, फाईलमध्ये सगळं मुळासारखं राहतं. काय सुचलं कोण जाणे, पण ज्याच्यावर मी कधीच संशय घेतला नव्हता ते माझं लाडकं प्लगइन मी बंद केलं. लाल पट्टी झपकन खाली आली आणि हिरवी होऊन तिथंच राहिली. चार दिवस मी गावभर चोर शोधत होते!

मग ती रिकामी जागा ऐकली. ती रिकामी नव्हतीच. मशीन गप्प झालं असतं तर पंखाही गप्प झाला असता. पंखा नीट फिरत होता. बाहेर कावळा ओरडत होता. आत्याच्या बांगड्या वाजत होत्या, तिचा श्वास ऐकू येत होता. ती तिथं बसली होती, तोंड मिटून, ओळ जाईल तेवढा वेळ मनात मोजत. माझ्यापासून दोन हातांवर. तिन्ही वेळा मी पट्टीकडे बघत होते. तिच्याकडे एकदा जरी बघितलं असतं!

मी तशीच उठून तिच्याकडे गेले. ती वाल सोलत होती. म्हटलं, "आत्या, पेटी चांगली होती गं."

"म्हाईत हाय मना."

"मी खोटं बोलले तुझ्याशी. लग्नात लावायलाच रेकॉर्ड केलं होतं."

"ते पन म्हाईत हाय. खोटं बोलताना तू नाक खाजवतंस. लहान होतीस तवापासून." तिनं सुपातले वाल माझ्यापुढे अर्धे सरकवले. मी सोलायला बसले. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसत होतं. वालांवरून नजर न काढता ती म्हणाली, "सगला त्या पेटीला दिला असता, त हलदीला मना कोन उठवनार होता त्या खुर्चीतनं?"