बावन्नचा वेग

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते विचारू नका — मलाच नीट कळलेलं नाही.

जिंतूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग सीडीवर भरून द्यायचो, ते दिवस. परभणीला सीडी रायटर घ्यायला गेलो, तेव्हा मी काय पाहिलं? खोक्यावरचा वेगाचा आकडा. ज्यावर बावन्न होतं तो उचलला. दुकानदाराने बजावलं होतं — स्वस्तातल्या सीडीला एवढा वेग झेपत नाही, आठवर भरा, शेवटचा भाग कच्चा राहतो. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

ऐन लग्नसराईत बोरीचे गौतमराव आले. बोटाला धरून चार वर्षांची लेक दीक्षा. त्यांची बायको शोभा नुकतीच तापाने गेली होती. तिच्या बहिणीच्या हळदीचं शूटिंग मीच केलं होतं, आणि त्यात शेवटी शेवटी शोभा गाणं म्हणाली होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. माझ्या कॉम्प्युटरवर तो होता.

पाच लग्नांच्या सीड्या खोळंबल्या होत्या. गौतमरावांची सीडी मी बावन्नवर लावली. भरलेलं तपासून पाहायलाही थांबलो नाही. सुरुवात दिसली, दिली. आणि मग — जागा हवी होती हो — कॉम्प्युटरवरचं पुसून टाकलं. कॅमेऱ्याच्या टेपवर तर कधीच दुसरं लग्न चढलं होतं. टेपा आम्ही सगळेच परत वापरायचो.

गौतमरावांकडे प्लेअर नव्हता. महिनाभर दीक्षा ती सीडी उशाशी घेऊन झोपली. मग कुणाचा तरी प्लेअर मिळाला. हळद दिसली, बायका दिसल्या, शोभाने तोंड उघडलं आणि सीडी अडकली. गौतमराव दीक्षाला घेऊन माझ्याकडे परत आले.

तोवर कोऱ्या सीड्यांच्या त्याच डब्यातल्या, बावन्नवर भरलेल्या आणखी तीन सीड्या परत आल्या होत्या. तिन्ही शेवटाकडे अडकलेल्या. त्यांचं शूटिंग अजून कॉम्प्युटरवर होतं म्हणून त्या मी आठवर पुन्हा भरल्या, आणि सुरळीत चालल्या. म्हणजे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

मी सीडी उजेडात धरली. दोन-चार बारीक चरे होते, त्यांनी काही बिघडत नाही. पण मी म्हणालो, "लेकराच्या हातात देतेत का असली चीज? चरे पाडलेत बघा तिनं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दीक्षाचं बोट गौतमरावांच्या मुठीत होतं, ते त्यांनी सोडलं. एवढंच. पोर वर बघत राहिली.

तेव्हाच बोलता आलं असतं. लोक काय म्हणतील, धंदा बुडेल — एवढ्यासाठी गिळून बसलो. कसला नीच माणूस मी!

गेल्या दिवाळीनंतर दीक्षा दुकानात आली. नर्सिंगचं शिकते आता. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली तीच सीडी काढली. कडेला दोन बोटांनी धरलेली, मधे कुठे हात लागू न देता.

"काका, आता नवीन मशीनी आल्यात म्हणतेत. मायचा आवाज निघतो का बघा की. मीच खराब केलीय ती, लहानपणी. बाबा कधी बोलले न्हाईत, पण मला माहीत हाय."

कपाटातला जुना रायटर काढून मी ती लावली. घरघरली, थांबली. दीक्षा माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळं सांगायला किती वेळ लागला असता? एक मिनिट?

"न्हाई निघत," मी म्हणालो. "लय चरे हायेत."

तिचे डोळे भरले. म्हणाली, चुकलंच माझं. आणि मी — मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बाई. लेकरू होतीस तू, तुला काय कळत व्हतं?"

तिला जरा बरं वाटलं. जाताना ती माझ्या पाया पडली.