आमचा संघ पुण्यात नांदला

अकोल्याच्या एसटी स्टँडवरून आमच्या गावचा कबड्डी संघ पुण्याला निघाला, तेव्हा योगायोगाने मीही त्याच गाडीत होते. दिवाळीची सुट्टी संपवून मी पुण्यातल्या आयटी कंपनीत परत चालले होते आणि मागच्या सीटांवर ‘काळी माती’ संघाच्या मुली बॅगा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खिडक्यांखाली ही गर्दी! मी पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा फक्त आई आणि बाबा आले होते. खरं सांगते, त्या दिवशी मला मुलींचा हेवाच वाटला.

हा संघ माझ्या बाबांचा. बाबा शाळेत पीटीचे सर. शाळेच्या मैदानावर दगड वेचून त्यांनी या पोरी तयार केल्या. पुढे कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठजींनी संघ उचलला, मुलींना पगार सुरू केला आणि संघ व्यावसायिक स्पर्धेत उतरवला. पण जाहिरातदार सगळे पुण्या-मुंबईचे. शेठजींनी सरळ सांगितलं, संघ पुण्याला हलवतो; एका हंगामात तिथे प्रेक्षक जमले तर ठीक, नाहीतर संघ बंद आणि पोरी आपापल्या घरी. घरी म्हणजे काय, ते प्रत्येकीला ठाऊक होतं. कर्णधार वंदनाच्या घरी तर स्थळं बघायला सुरुवातसुद्धा झाली होती.

बाबा खिडकीपाशी आलेच नाहीत, लांब रसवंतीपाशी उभे राहिले. मी खाली उतरून पाया पडले, तर म्हणाले, “तू गेली थे ठीक. तुले नोकरी होती. पन पुन्यात कबड्डी कोन पाह्यते व?” एवढंच बोलले आणि उसाच्या चिपाडांकडे बघत राहिले. त्यांचं आयुष्य त्या गाडीत बसलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की ते वाया जाणार.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही आयटीवाले शहाणे, तुम्ही काय केलं? तर बाप्पा, आम्ही कंपनीतल्या वऱ्हाडी मंडळींनी प्रेझेंटेशन केलं. आमच्या टीममधला एकजण नुकताच अमेरिकेतलं ऑनसाइट काम संपवून आला होता. तो म्हणाला, तिकडे बेसबॉलचे संघ असेच शहर बदलतात आणि आधी अभ्यास करतात की नवं शहर संघाला पोसेल का. झालं! लंच अवरमध्ये कॉन्फरन्स रूम बुक केली. पुण्याची लोकसंख्या, लोकांचा पगार, पार्किंग, बसचे रूट, सगळं स्लाइडवर. शेवटच्या स्लाइडवर हिरव्या अक्षरांत उत्तर : पुणे हा संघ आरामात पेलेल. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या स्वतःसाठी.

बिबवेवाडीत माझ्या सोसायटीजवळच एक हॉल भाड्याने मिळाला. मुलींची राहायची सोय धायरीत, एका शेतकरी कुटुंबाच्या खोल्यांमध्ये. आम्ही गुळगुळीत कागदावर मोफत पास छापले आणि कात्रजपासून बिबवेवाडीपर्यंत इमारतींच्या टपालपेट्यांत टाकले. पहिल्या सामन्याला कोण आलं? आम्हीच. वऱ्हाडातून आलेले वीस-पंचवीस इंजिनियर, त्यांच्या बायका आणि खुर्च्यांवरून उड्या मारणारी त्यांची पोरं. वंदनाने चढाईत दोन गडी टिपले आणि टाळ्यांचा आवाज त्या रिकाम्या हॉलमध्ये इतका केविलवाणा वाटला की मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे लिमयेकाका भेटले. निवृत्त बँक अधिकारी, शब्द मोजून वापरणारे. मी विचारलं, पास मिळाला का? “मिळाला. फुकट होता, म्हणून वाचला नाही,” म्हणाले आणि पिशवी घेऊन दुधाला गेले.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबा फोनवर आले नाहीत, पण आईला सगळं सांगितलं, पास, पेट्या, सगळं. ती म्हणाली, “पाहुण्याले कोनी पत्र्याच्या डब्यात आवतन टाकते काय व? इतकी शिकली अन् येवढं नाई कळत? उंबरठ्यावर जाय. बाईले कुकू लाव, मानसाच्या हातावर अक्षदा ठेव. मंग पाय, कोन येत नाई थे.”

मी म्हटलं, आई, हे पुणे आहे. ती म्हणाली, “मंग? पुन्यात लग्न नाई होत?”

आमच्या सगळ्या स्लाइड्समध्ये हा एक मुद्दा कुणालाच सुचला नव्हता. पुढच्या आठवड्यात रोज सरावानंतर आम्ही जोड्या करून निघालो. एक मुलगी संघातली, एकजण आमच्यापैकी. ताटात कुंकवाचा करंडा आणि रंगवलेल्या अक्षता. मी वंदनाला घेऊन पहिली लिमयेकाकांकडेच गेले. दारावर पाटी होती : ‘विक्रेत्यांनी बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.’ वंदनाने पाटी वाचली आणि बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. वंदनाने काही बोलायच्या आतच त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. “काका, रविवारी आमच्या घरचं कार्य आहे. सगळ्यांनी यायचं.”

“कसलं कार्य?”

“कबड्डी.”

काका आधी तिच्याकडे आणि मग तळहाताकडे बघत राहिले. अक्षता टाकता येत नाहीत, परत देता येत नाहीत. काकू आतून हात पुसत आल्या आणि त्यांनी वंदनासमोर कपाळ पुढे केलं. “हे बरं आहे,” काका चिडून म्हणाले, “आता यावंच लागणार.” अक्षता त्यांनी देवापुढे नेऊन ठेवल्या, हे मी दारातून पाहिलं.

त्या रविवारी हॉलबाहेर जे दिसलं ते मला जन्मात विसरता येणार नाही. लोक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. बायकांनी गजरे माळले होते. धायरीच्या घरमालकीण मावशी रिक्षा करून आल्या, बरोबर सगळ्या पोरींसाठी खण. “कार्याला रिकाम्या हातानं येत्यात व्हय?” असं वर मलाच विचारलं. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. आणि दारातून आमच्या मातोश्री आल्या, मागे बाबा. आईने त्यांना अकोल्याहून ओढत आणलं होतं. बाबा गर्दी बघून दारातच थांबले. मग टोपी काढून त्यांनी डोळे पुसले, उघडपणे, कुणाची पर्वा न करता.

शेवटच्या चढाईत आम्ही दोन गुणांनी मागे होतो. वंदना एकटी गेली, तिघींना शिवून मध्यरेषेवर आडवी पडली आणि बोटं या बाजूला! हॉल फुटायचाच बाकी राहिला. आपण जिंकलो हो! शेजारी बघते तर लिमयेकाका खुर्चीवर उभे, चपला काढून, शिस्तीत. बाबा म्हणाले, पकड उशिरा झाली. काका म्हणाले, “चूक. अहो, पकड वेळेवर होती, कोपरा उघडा होता.” पहिल्यांदा कबड्डी पाहिलेला हा माणूस माझ्या बाबांना कबड्डी शिकवत होता, आणि बाबा इतके खूश होते की वाद संपूच देत नव्हते.

शेठजींनी संघ पुण्यातच ठेवला. पुढच्या हंगामात तिकीट लागलं, तेही लोकांनी कुरकुरत का होईना, काढलं. वंदनाला एका कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी मिळाली आणि स्थळं आता तिच्या सोयीने बघितली जातात.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही तुमचा संघ पळवला. आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आपण कायमचे पाहुणे. मलाही वाटायचं. मग त्या दुसऱ्या हंगामात एक सामना आम्ही वाईट हरलो. रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी दार उघडलं तर लिमयेकाका उभे. चहा विचारला तर नको म्हणाले. चेहरा असा, की घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटावं. “आपल्या पोरी हरल्या. झोप लागली नाही,” एवढं म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी लगेच बाबांना फोन लावला. हरल्याची बातमी त्यांना आधीच कळली होती, म्हणून मी फक्त काकांचं सांगितलं. बाबा किती वेळ हसत होते. मग म्हणाले, “आता येवढ्यात येऊ नको गावाले. तुहं गाव तुले सापडलं.”