गुन्हा दाजींवरच

माझ्या दाजींच्या अंगावर सोलर पॅनेलचं पॅलेट पडलं, आणि गुन्हा दाजींवरच दाखल झाला.

मेलेल्या माणसावर.

आज वर्ष झालं. सकाळी दिंद्रुडला वर्षश्राद्ध उरकलं, लोक जेवून गेले. ताई आत आवरतेय. मी ओट्यावर बसून हे लिहितोय.

बाळू दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना एकच सांगतो. लग्नात वऱ्हाडाच्या टेम्पोचा ड्रायव्हर पिऊन पडला, तर नवरदेव बाशिंग बांधून स्वतः स्टेअरिंगवर बसला. मांडवापाशी घामाघूम उतरला. आमची आई म्हणाली, पोरगी नवरदेवाला दिली का टेम्पोवाल्याला?

"दोघांना बी दिली, मामी."

इंजेक्शनला मात्र लई घाबरायचे. दोघांनी धरावं लागायचं.

मागच्या वर्षी उमापूरच्या बाजूला सोलरचं मोठं काम चालू होतं. लांबून कंटेनरमधून पॅनेल यायचे, यार्डात उतरायचे. तिथून साइटपर्यंत दाजींसारख्यांचे भाड्याचे ट्रक.

हे पॅनेल लाकडी बुडावर उभे रचून पट्ट्यांनी आवळलेले असतात. ते पॅलेट. उंची माणसाएवढी, वजन टनाच्या पुढं, आणि बूड अरुंद.

कंटेनरमधून येताना त्यांना जाड बेल्ट लावलेले असायचे. यार्डात कंटेनरवाले आपले बेल्ट सोडून घेऊन जायचे. पुढं ट्रकवर तसेच बेल्ट लागतात, एकेक पॅलेट बॉडीला वेगळं बांधावं लागतं. रस्ता जवळचा असला म्हणून कायदा बदलत नाही.

दाजींनी त्या दिवशी बेल्ट मागितले. साइटचे साहेब म्हणाले, इथल्या इथं जायचंय, दोर टाक. जमत नसेल तर मागे दुसरा ट्रक उभा आहे.

दाजींनी दोर टाकला. सगळ्या पॅलेटवरून मिळून एकच.

डांबरी सोडून पांदीच्या कच्च्या वाटेला वळताना चाक खड्ड्यात गेलं. मागचं पॅलेट कलंडलं आणि ट्रकच्या बाजूच्या फळीला, फाळक्याला टेकलं. दाजींनी ट्रक थांबवला, उतरून बघितलं. फाळका बाहेर फुगला होता.

पहिला फोन त्यांनी रफिकभाईंना केला. जुने दोस्त. त्यांचा जेसीबी त्याच साइटवर चालायचा.

"बाळू, दोर सोडू नको बे. जवळ बी जाऊ नको. मी मशीन घेऊन निघालो."

दाजी बांधावर जाऊन बसले. बाजूच्या रानात बायका कापूस वेचत होत्या, त्यांच्याकडून पाणी घेऊन प्यायले. त्यातल्या एका मावशीला म्हणाले, माल कलंडलाय, मशीन येतंय, तुमी तिकडंच थांबा.

मग साहेबांचा फोन आला.

इंजिनच्या आवाजानं दाजींना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मावशीनं सगळं ऐकलं. साहेब म्हणाले, इथं माणसं रिकामी बसलीत, जेसीबीची वाट बघू नको, दोर सोड, फाळका उघड, पॅनेल हातानं उतरवून घेऊ. दाजी म्हणाले, रफिक निघालाय, थोडं थांबू द्या.

"होत नसेल तर तसं सांग. उद्यापासून येऊ नको."

दाजी उठले.

दोर सोडला. फाळक्याची कडी काढली.

मावशी म्हणते, आवाज बी लई मोठा न्हाई झाला.

रफिकभाई पोचले तेव्हा साहेब आधीच आलेले होते. इन्शुरन्ससाठी फुटलेल्या पॅनेलचे फोटो काढत होते. दाजी पॅलेटखालीच होते.

रफिकभाईंनी साहेबांच्या हातातला मोबाईल घेऊन कपाशीत भिरकावला, आणि मशीन लावून पॅलेट उचललं.

दाजी तेव्हा जिवंत होते. दवाखान्यात नेताना गाडीत सारखं विचारत होते, ट्रकला काय झालं न्हाई ना?

गेवराईच्या पुढं विचारायचे थांबले.

माल नियमानं न बांधता निष्काळजीपणा केला, असा गुन्हा लागला. मावशी आपणहून जबाब द्यायला गेली, फोनवरचं सगळं सांगितलं. पोलीस तिला म्हणाले, पडताना काय बघितलं तेवढंच बोल.

काही दिवसांनी रफिकभाईंचा फोन आला. साइटवर ड्रायव्हर लोकांना बसवून सेफ्टीचं ट्रेनिंग सुरू झालं होतं. पडद्यावर दाजींचा फोटो. त्यांच्याच स्टेटसवरून उचललेला, शेजारची ताई कापून टाकलेली.

खाली लिहिलेलं: चालकाची चूक.

ताईनं हे ऐकलं आणि म्हणाली, मला तिथं ने. मी नाही म्हणालो. ती रफिकभाईंबरोबर गेली.

ड्रायव्हर लोकांत जाऊन बसली. शिकवणारे तेच साहेब. त्यांना वाटलं झाडलोटीला आलेली बाई असेल. फोटो आला तशी ताई उभी राहिली.

"फोटो राहू द्या. त्याच्या शेजारी ज्यानं दोर सोडायला लावला त्याचा बी लावा."

साहेबांनी विचारलं, ह्या कोण? रफिकभाईंनी सांगितलं.

 साहेब म्हणाले, ताई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

आणि पुढची स्लाइड लावली.

नंतर तो फोटो काढला म्हणतात. साहेब प्रमोशनवर दुसऱ्या साइटला गेले. रफिकभाईंचा जेसीबी तिथून बंद झाला. ताई घरी आली. चौथ्या दिवशी उठून दाजींचे शर्ट वाटून टाकले. एक बी ठेवला नाही. मी मागितला तर म्हणाली, कशाला पाहिजे तुला?

गेल्या आठवड्यात मी त्या पांदीला गेलतो. समोरून ट्रक आला. वर पॅलेट, त्यावरून एकच दोर. मी हात करून थांबवलं, दाजींचं सांगितलं.

ड्रायव्हर माझ्याच वयाचा. शांतपणे ऐकून घेतलं.

"ठावं हाय, भाऊ. ट्रेनिंगला दाखवलं होतं आमाला."

आणि गियर टाकून गेला.

बाळू दाजी, तुमच्या मेव्हण्याचा तुम्हाला शेवटचा रामराम.